धर्मशाळेवाल्याची आई

जुळे सोलापूरच्या पलीकडे आज जिथे संत मार्टिन हायस्कूलची तीन मजली इमारत आहे, तिथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पत्र्याच्या चार खोल्या होत्या आणि कुंपण म्हणून बाभळीच्या काट्या. रेवणसिद्ध कळशेट्टी तेथे मराठीचे शिक्षक म्हणून रुजू झाले, पण त्यांची मुलाखत झाली ती कन्नडमध्ये. संस्थापक मुख्याध्यापक फादर मस्करेन्हस मंगळूरचे. त्यांचे मराठी तोकडे होते. मैंदर्गीच्या या तरुणाला घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी दोन्हींची सवय. मराठी शिकवता येईल का, हे फादरांनी कन्नडमध्ये विचारले, उत्तरही कन्नडमध्येच मिळाले आणि नेमणूक झाली. सर हा किस्सा सांगत, पण सांगताना हसत नसत.

पहिल्याच डिसेंबरात फादरांनी त्यांना नाताळचे नाटक बसवायला सांगितले. शाळेत ख्रिस्ती मुले मोजकीच होती आणि सरांनी स्वतः नाताळ कधी पाहिला नव्हता. बायबलमधल्या शुभवर्तमानातली दोन पाने वाचून त्यांनी आपल्याला ठाऊक होते तसे नाटक लिहिले. मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी आली, गव्हाणीत कडबा आला. एका ठिकाणी मात्र ते अडले. दिवस भरलेली मरिया दारात उभी आहे, धर्मशाळेवाला जागा नाही म्हणतो आणि विषय संपतो. घरातली एकही बाई हे ऐकून बाहेर येत नाही, ही गोष्ट सरांच्या गळी उतरेना. त्यांनी धर्मशाळेवाल्याला एक आई दिली. ती कंदील घेऊन बाहेर येते आणि आधी मुलाला फैलावर घेते, "अवघडलेल्या बाईला दारातनं परत लावतोस व्हय रं? तुला मी काय झाडावरनं तोडून आणलाय?" मग ती गोठा झाडते, शेगडी पेटवते, ओव्याची धुरी देते.

फादर पहिल्या रांगेत पोट धरून हसले. ती चूक दुरुस्त करावी, असे त्यांना वाटले नाही.

पुढे पत्रे जाऊन स्लॅब आला. मराठी माध्यमाचे सेमी झाले, सेमीचे पूर्ण इंग्रजी. भोवतालच्या माळावर कॉलन्या उठल्या आणि चालत येणाऱ्या मुलांच्या जागी स्कूटीवरून सोडली जाणारी मुले आली. फादर मंगळूरला परतले आणि तिथेच वारले. शाळेचे सगळे कार्यक्रम इंग्रजीत गेले, हे एक नाटक तेवढे मराठीत राहिले. मुलींची चढाओढ असे ती मरियेसाठी नव्हे, म्हातारीसाठी. यंदा नववीतल्या काव्याला ती भूमिका मिळाली होती. तिच्या आईने, अंकिताने, शाळेत असताना हीच म्हातारी केलेली.

यंदाचे वर्ष सरांचे शेवटचे होते. मे महिन्यात निवृत्ती.

सिस्टर जेसिंता जूनमध्ये वसईहून मुख्याध्यापिका म्हणून आल्या होत्या. डिसेंबरात त्यांनी तालीम पाहिली आणि सरांना केबिनमध्ये बोलावले. त्यांचे म्हणणे सौम्य होते, पण स्पष्ट. ही बाई शुभवर्तमानात नाही. संस्थेचे प्रमुख फादर पुण्याहून कार्यक्रमाला येणार आहेत, आणि तसेही मुलांच्या मनात चुकीची कथा राहू नये. नाटक ठेवावे, म्हातारी काढावी. सर बरे म्हणाले आणि बाहेर आले. आम्ही स्टाफरूममध्ये त्यांना हेच सांगितले, की आता पाच महिन्यांसाठी वाद कशाला.

दुसऱ्या दिवशी तालमीत काव्याने विचारले, "मग मी काय होऊ सर, मेंढी?" मुले हसली. सरांनी तिला तूर्तास मेंढ्यांत बसवले. धर्मशाळेवाला झालेला युवराज जागा नाही म्हणाला, आणि पुढे काय करायचे ते कोणालाच कळेना. योसेफ आणि मरिया दारातच उभे. सरांनी प्रवेश पुन्हा घेतला, पुन्हा तसेच झाले. त्यांनी मुलांना घरी सोडले आणि ते केबिनकडे गेले.

"सिस्टर, गोठा कुणाचा होता?"

"म्हणजे?"

"गोठा म्हटला की तो कुणाचा तरी असणार. कुणीतरी कडी काढली असणार. पुस्तकात नाव नाही म्हणून माणूसच नव्हतं, असं कसं म्हणायचं?"

ही कल्पना झाली, आणि कल्पनेला देवाच्या वचनाच्या शेजारी बसवता येत नाही, असे सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी मधला मार्ग सुचवला. म्हातारी असू द्यावी, पण तिने बोलू नये. नुसता कंदील धरून वाट दाखवावी.

"मुकी म्हातारी आमच्याकडं नसते, सिस्टर."

सिस्टरांना हसू आले. ही बाई तुम्हाला सापडली तरी कुठे, असे त्यांनी विचारले. तेव्हा सरांनी फादर मस्करेन्हसांनाही कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. ते लहान असताना मैंदर्गीत पाथरवटांची पालं उतरली होती. त्यांतली एक बाई त्यांच्या दारात कळा देऊ लागली, आणि वडील तिला पुढच्या घरी जा म्हणाले. सरांची आई गंगम्मा चुलीपुढून उठून आली. तिने आधी वडिलांना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे सुनावले, मग गोठ्यातली जनावरे बाहेर बांधली. मूल तिथेच झाले.

सिस्टर म्हणाल्या, की म्हातारी तिच्या बोलण्यासकट राहील. पण पडदा उघडण्याआधी, हा प्रवेश शुभवर्तमानातला नाही, हे प्रेक्षकांना सांगितले गेले पाहिजे. आणि ते सरांनीच सांगायचे. सरांनी ते मान्य केले. शेवटी ते खरेच होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सर माईकपुढे आले. माईकची त्यांना कधीच आवड नव्हती.

"या नाटकातली म्हातारी बायबलमध्ये नाही," ते म्हणाले. "ती मैंदर्गीची आहे."

एवढे बोलून त्यांनी पडद्याच्या दोरीकडे खूण केली. पहिल्या रांगेत प्रमुख फादरांनी सिस्टरांकडे झुकून मैंदर्गी कुठे येते ते विचारले. अक्कलकोटच्या पुढे, सिस्टरांनी सांगितले.