पंख्यातला व्हायरस

किन्हवलीत मी कॉम्प्युटर क्लास चालवायचे, तेव्हा एका मशीनच्या पॉवर सप्लायचा पंखा शटडाउन केल्यावरही घरघरत राहायचा. कल्याणहून बोलावलेल्या मेकॅनिकने गॉगलही न काढता निदान केलं, "व्हायरस." त्याने विंडोज नव्याने टाकलं, त्यात क्लासच्या मुलींचं सगळं टायपिंग पुसलं गेलं. पंखा फिरतच होता.

मग मी भिंतीतला प्लग तेवढा ठेवून सप्लायपासून मशीनच्या आत जाणाऱ्या सगळ्या वायरी काढल्या. तरी तो थांबेना.

"आता सप्लाय एकटाच आहे. बिघाड त्यातच नाय का?" मी विचारलं.

"मॅडम, व्हायरस वायरीतून आधीच आत गेला असंल."

अशा माणसाशी काय बोलायचं? मीच नवा सप्लाय बसवला आणि शटडाउन करताच पंखा थांबला. व्हायरस आपण काढला, असं मात्र तो गावभर सांगत फिरला.