चक थांबला म्हणून अण्णांनी हात घातला

हॉस्पिटलमधूनच लिहितोय.

सकाळी पीण्या औद्योगिक वसाहतीत एका विक्रेत्याकडे मशीनचा डेमो बघायला गेलो होतो. लेथसारखं टर्निंग आणि फिरत्या कटरने मिलिंग, दोन्ही एकातच करणारं, आमच्या छोट्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात मावेल एवढं मशीन. सोबत मंजण्णा होते. अण्णा माझ्या वडिलांच्या काळापासून आमचा लेथ चालवतात.

दाराच्या काचेवर कूलंटचं पांढरं पाणी उडत होतं, आतलं काहीच दिसेना. मग विक्रेत्याच्या पुणेरी इंजिनिअरने दाराचं सेफ्टी लॉक बायपास करून दार उघडं ठेवलं.

चकमध्ये आवळलेला लोखंडी जॉब गरगर फिरला आणि चक थांबला. लेथवर चक थांबला की काम संपतं. अण्णांनी सवयीने फिनिश बघायला हात आत घातला. पण या मशीनवर चक थांबल्यावर मिलिंगचा कटर सुरू होतो. त्याने बाही पकडून हात खसकन ओढला. मी लाल बटणावर मूठ आपटेपर्यंत दोन बोटांच्या चिंध्या झाल्या होत्या. पांढरं कूलंट लाल झालं.

मी त्या इंजिनिअरची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. "लॉक काढायला कोणी सांगितलं होतं रे तुला, हरामखोर?" तो नुसता माझ्या मोबाइलकडे बघत राहिला.

आत्ता हॉस्पिटलच्या बाकावर बसून डेमोचा व्हिडिओ लावला. सुरुवातीलाच माझा आवाज आहे, "दार उघड ना यार, शूटिंग नीट येत नाहीये."

सांगा मंडळी, आता कॉलर कोणाची धरू?