पाण्याच्या ड्रमात मूठभर ज्वारी

शुक्रवार होता. सकाळी सातला मी आणि माझी बायको गयाबाई, दोघांनी मिळून रांजण आडवा केला. मी धरला, तिनं काथ्यानं आतून घासला. डासाची अंडी कडेला चिकटून बसतात. नुसतं पाणी ओतून निघत नाहीत, घासावीच लागतात. खालचं पाणी तिनं वांग्याच्या आळ्यात सोडलं.

"तुमी रिटायर झालाव, पर परेड काय संपंना," ती म्हणाली.

"नळ आठव्या दिवशी येतो. साठवायचं म्हणल्यावर घासायचं."

"मी न्हाई म्हणते का? धरा नीट. पायावर पडंल."

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

शाळा माझी सातवीपर्यंत. फौजेत अठरा वर्षं काढली, नाईक हुद्द्यावर पेन्शन घेऊन आलो. आसामच्या जंगलात आमची पोस्ट होती. तिथं रोज संध्याकाळी साडेपाचला फॉल-इन. बाह्या खाली, बटणं बंद, हाता-तोंडाला डासाचं तेल, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. तपासायची ड्यूटी माझी. उकाड्याच्या दिवसांत सिपाई दादू चार रात्री मच्छरदाणीबाहेर झोपला. मला माहीत होतं. आपल्याकडचा माणूस म्हणून बोललो नाही. मलेरिया त्याच्या डोक्यात गेला. मी रेडिओ सेट घेतला.

"टायगर, एक जवान सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"धुकं आहे. थांबा. ओव्हर."

"थांबायला वेळ नाही. ओव्हर."

"समजलं. थांबा. आउट."

धुकं बाराला उठलं. दादू दहालाच गेलता.

तेव्हापासून मच्छरदाणी म्हणजे माझा धर्म. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात आलो तरी सुटला नाही. पारावरचे हसायचे. "फौजी, पाकिस्तान सोडून डासाच्या मागं कावून लागलास बे?" माझं कुणी ऐकलं नाही. गयाबाईचं ऐकलं. तिला सही येत नव्हती, पण गल्लीतल्या सगळ्या बायका तिनं कामाला लावल्या. शुक्रवारी भांडी कोरडी, टाकीला कपडा बांधलेला, फुटकी टायरं उचललेली. दवाखान्याची आशाताई मीरा तपासायला आली की म्हणायची, "या गल्लीत मला कामच न्हाई, मामा." माझ्या हाताखाली जवान होते. असं काम त्यांच्याकडून मला करून घेता आलं नाही.

दसऱ्यानंतर गल्लीतली अकरा घरं ऊसतोडीला गेली. आमच्याकडं एक चाल आहे. सहा महिन्यांसाठी घर सोडायचं तर रिकाम्या भांड्यानं सोडत नाहीत. ड्रम, घागर भरून ठेवायची, तो शकुन. शेजारचा सोपान पण अंगणात ड्रम काठोकाठ भरून गेला. मीरा आली, बघितलं.

"मामा, हे ओतून द्या. आठ दिवसात डास व्हतेत यात."

"न्हाई. ती लेकरं कोयता चालवायला गेलीत. त्यांचा शकुन मी मोडू?"

"मग गच्च झाका तरी."

मी वर पत्रा टाकला. पत्रा वाकडा होता, एका अंगानं फट राहिली. म्हणलं, दिवे लागायच्या आत दार बंद असतं, मच्छरदाणी आहे, काय होतंय. मीरानं सांगितलं होतं की हा डास दिवसा चावतो. ऐकलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. मी आसामच्याच डासाशी लढत होतो. गयाबाई रोज दुपारी सोपानच्या भिंतीच्या सावलीला डाळ निवडत बसायची.

सोमवारी तिला ताप आला. अंग लई ठणकत होतं. बुधवारी माजलगावला नेलं. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. तिथून अंबाजोगाईला. शुक्रवारी ताप उतरला, मी खूश झालो. डॉक्टर म्हणाले, "खूश होऊ नका बाबा. ताप उतरल्यावरच जपावं लागतं." त्या दुपारी तिचं पोट दुखायला लागलं. हिरड्यांतून रक्त आलं.

"कुठला डास असंल वो?" तिनं विचारलं.

"सोपानच्या ड्रमातला. चूक माझी हाय."

तिनं पदरानं ओठावरचं रक्त पुसलं. मग म्हणाली, "रिकामं नको, येवढंच ना? मग पाणीच कावून? मूठभर ज्वारी टाकायची. शकुन बी राहतो, डास बी व्हत न्हाई."

"हे आधी कावून न्हाई सांगितलंस?"

"आधी तुमी इचारलं कुठं? मीरा दारात येऊन सांगायची, तरी सगळी अक्कल फौजेतून आणलीत तुमी. गेल्या गेल्या ते करा. अकराच्या अकरा घरं."

"करतो."

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ती गेली. दुपारी तीनला गावात अग्नी दिला.

रविवारी सकाळी सातला मी बादली घेऊन निघालो. सुतक होतं. सुतकात दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं. आधी सोपानला फोन लावला. तो कर्नाटकात उसाच्या फडात होता. सगळं सांगितलं.

"ओता मामा," म्हणाला. "बाकीच्यांना मी सांगतो. सगळी हितंच हायेत."

पत्रा काढला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. ड्रम आडवा करून पाणी मातीवर सोडलं, आतून घासला, उन्हात ठेवला. खिशातून ज्वारी काढली आणि तिथंच थांबलो. सुतकाच्या घरचं धान्य दुसऱ्याच्या शकुनाला कसं चालंल?

मागं मीरा उभी होती. तिच्यामागं गल्लीतल्या सात-आठ बायका, पदरात ज्वारी घेऊन.

"तुमी पाणी ओता मामा," ती म्हणाली. "मूठ आमी टाकतो. मामींनी दवाखान्यातून फोन केलता."

म्हणजे माझ्या भरवशावर ती राहिली नव्हती. दोन ठिकाणी हुकूम देऊन ठेवलेला.

सव्वाअकराला अकरावं घर झालं. फौजेत काम उरकलं की रिपोर्ट द्यावा लागतो. मी स्मशानात गेलो. राख अजून गरम होती. आधी दादूचं नाव घेतलं, मग तिचं. सावधान उभा राहिलो आणि सांगितलं, "अकरा घरं. सगळी कोरडी."