घाट सुरू, ड्रमर कुवेतला

आमचा बँड बंद पडून वर्षं लोटली, पण महाडात आजही आमच्यापैकी कुणी चहाच्या टपरीवर दिसला की लोक गाणं मागत नाहीत, किस्सा मागतात. "ते पाकळीचं सांग रे!" गाणी आम्ही घाम गाळून मोजकीच केली. किस्से मात्र आपोआप साठत गेले. ऐकणारे पोट धरून हसतात, पण ज्या वेळी हे घडत होतं त्या वेळी आमच्या पोटात गोळा असायचा. म्हणजे अगदी दर वेळी!

आम्ही चौघे. शिरीष पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि डिग्रीऐवजी इलेक्ट्रिक गिटार घेऊन परत आला. सत्या पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, भजनात पेटी वाजवायचा, त्याला शिरीषने कीबोर्डवर बसवला. माझ्याकडे बास गिटार, कारण तिला तारा कमी. आणि ड्रमवर दासगावचा अल्ताफ.

*

अल्ताफ आम्हाला ट्रकखाली सापडला.

त्याच्या चाचांचं हायवेला ट्रान्सपोर्टचं गोडाऊन होतं. ताडपत्र्यांच्या थप्प्यांमुळे आवाज बाहेर जायचा नाही, म्हणून आम्ही तिथला एक कोपरा मागून घेतला होता. गिटार होती, पेटीवाला होता, ड्रमर मात्र मिळत नव्हता. एक दिवस बाहेरून आवाज आला. ठण, ठण, ढप! ठण, ठण, ढप!

अल्ताफ लोखंडी दांडा घेऊन भरलेल्या ट्रकच्या टायरांवर मारत हवा तपासत होता. शिरीष गिटार गळ्यात घेऊनच धावला.

"परत मार!"

"कशाला? हवा बरोबर हाय. फक्त मागचा डावा उतरलाय."

"तो उतरलेलाच पाहिजे मला! त्यात हवा भरायची नाही!"

आम्ही चौघे मिळून पहिलं गाणं, 'नागमोडी', बसवलं ते त्या ट्रकवर. माल चिपळूणला जायचा होता. संध्याकाळी चाचा आले, ट्रक जागेवर बघितला आणि म्हणाले, "चिपळूणवाल्याला काय सांगू? गाडी रियाजाला बसलीय?"

*

नाव शोधण्यात तर महिना गेला. शिरीषच्या डोक्यात इंग्रजी नावं. सत्या म्हणायचा, माझ्या आयेला बोलता आलं पायजे. शेवटी पोलादपूरहून एसटीने येताना रस्त्याकडेचा बोर्ड दिसला. 'घाट सुरू. वाहने सावकाश हाका.'

"हेच!" शिरीष म्हणाला. 'घाट सुरू' हे नाव ठरलं. सत्याच्या आईलाही बोलता आलं. फक्त तिने विचारलं, "नि संपतो कवा?"

*

आता पोटातल्या गोळ्याचं सांगतो.

अल्ताफचे अब्बा कुवेतला होते. दासगावात अर्ध्या घरांतला कुणी ना कुणी तिकडे. मुलगा मोठा झाला की अब्बा व्हिसा पाठवतात, मुलगा जातो, यात विचारण्यासारखं काही नसतं. अल्ताफचा व्हिसा 'येतोय' होता. अल्ताफ गेला तर बँड गेला, हे आम्हा तिघांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून नियम केला होता, प्रॅक्टिसला व्हिसा हा शब्द काढायचा नाही. अल्ताफला स्वतःला काय वाटतं, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. अब्बांनी नाही आणि आम्हीही नाही.

गोडाऊनमध्ये फोन होता. बाहेरगावचा फोन आला की घंटी लांब वाजायची. ती वाजली की आमचं गाणं जिथल्या तिथे थांबायचं.

एकदा अशीच लांब घंटी आली. चाचांनी फोन उचलला. "हां... हां... कधी?... या अल्ला!" अल्ताफच्या हातातल्या काठ्या हवेतच. चाचा डोक्याला हात लावून ऐकतायत. सत्याने डोळे मिटले. चाचांनी फोन ठेवला, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गाडी कशेडी घाटात उलटी झाली. डायवर वाचला, माल गेला."

आम्ही चौघांनी उडी मारून एकमेकांना मिठ्या मारल्या. सत्याने तर शिट्टी वाजवली!

चाचा बघतच राहिले. मग शांतपणे म्हणाले, "उद्या मी मेलो ना, तर जनाज्यात हीच शिट्टी वाजवा."

*

पाकळीचा किस्सा सत्याच्या गावचा. जत्रेत आमचा कार्यक्रम ठेवायचा असं पोरांनी ठरवलं, पण जुनी माणसं अडून बसली. असला धांगडधिंगा देवाला चालेल का? मग ठरलं, देवाला कौल लावायचा. गुरवाने दोन ओल्या पाकळ्या देवाच्या छातीवर उजवीकडे-डावीकडे चिकटवल्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर सामान भरून घरी.

सगळं गाव देवळात. पाकळ्या हलायला तयार नाहीत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. म्हातारे डावीकडे बघतायत, पोरं उजवीकडे. अल्ताफ देवळाबाहेर पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. "काय झाला रे?"

"देव इचार करतोय," गुरव म्हणाला.

तेवढ्यात बाहेर मांडवात शिरीषला वाटलं, तोवर साउंड चेक करून घ्यावं. त्याने माझी बास लावली, अँपचा आवाज पूर्ण सोडला आणि जाडी तार ओढली. ढूंSSS! देवळाची समई थरथरली, घंटा आपोआप किणकिणली, आणि उजवी पाकळी टपकन खाली!

पोरांनी जल्लोष केला. गुरव मात्र तरातरा बाहेर आला. म्हणाला, "पोरांनो, देवाला इचारायचा असतो. हालवायचा नसतो!"

कार्यक्रम झाला. पहिल्या रांगेत गुरवच होता.

*

आणि व्हिसा आलाच. तोही अशा वेळी की लांब घंटीची आम्हाला सवय होऊन गेली होती. दासगावच्या घरी सगळी आळी जमली, अल्ताफच्या आईने त्याच्या दंडाला ताईत बांधला, आणि अल्ताफ आमच्याकडे न बघता गाडीत बसला. मला फार राग आला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

काही महिन्यांनी दासगावचा एकजण सुट्टीवर आला. तिकडून येणारा माणूस सगळ्यांची पार्सलं आणतो, कुणाचं अत्तर, कुणाची ब्लँकेट. आमच्या नावाने एक कॅसेट होती. अल्ताफने आमच्या सगळ्या गाण्यांचा ठेका राहायच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर वाजवून पाठवला होता! सुरुवातीला आवाज, "शिऱ्या, पयला नागमोडी घे. एक, दोन, तीन..." आणि ठण, ठण, ढप.

सत्या ढसाढसा रडला. मग आम्ही टेप माइकसमोर ठेवून त्याच्यावर कार्यक्रम करायला लागलो. दुसऱ्या गाण्यात मध्येच कुणीतरी हाक मारतो, "अल्ताफभाय, खाना!" नाते गावच्या क्रिकेटच्या बक्षीस समारंभात ती हाक लाउडस्पीकरवर घुमली, आणि मागच्या रांगेतल्या स्वयंपाक्यांनी पत्रावळ्या मांडायला घेतल्या.

मधल्या काळात सत्याने लग्नाच्या बँडमधला एक ड्रमर आणला. हात गोड होता त्याचा. पण आठवड्याभरातच काठ्या ठेवून उठला. म्हणाला, "मी वाजवतो नि तुमी तिघं त्या टेपाकडं बघता. मला भूत झाल्यासारखा वाटतो."

*

कॅसेट झिजेल या भीतीने शिरीषने तिची कॉपी करायचं ठरवलं. गोडाऊनच्या टेपवर ती लावायची आणि सेलवरचा दुसरा टेप समोर धरून रेकॉर्ड करायचं. 'नागमोडी'चं तिसरं कडवं आलं आणि गावातली व्होल्टेज पडली. बल्ब पिवळा झाला आणि कॅसेटवरचा अल्ताफ पेंगायला लागला. ठण... ठण... ढप... कडवं संपता संपता लाइट नीट आली, अल्ताफ पुन्हा जागा झाला.

"उद्या परत करू," शिरीष म्हणाला. दुसऱ्या दिवशी टेपने मूळ कॅसेट खाल्ली. रिळाचा नुसता गुंता झाला, हातात उरली ती पेंगणारी कॉपी.

नवी मागवायची तर कुणी सुट्टीवर येईपर्यंत थांबा. कार्यक्रम तोंडावर. मग काय, तिसऱ्या कडव्याला आम्हीही सगळे स्लो व्हायला शिकलो. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय. पोलादपूरला एकजण स्टेजवर येऊन म्हणाला, "घाट लागल्यावर गाडी स्लो होते, ते काय दावलात राव!" शिरीषने मान डोलावली. दुसरं काय करणार!

*

हा शेवटचा.

अल्ताफ सुट्टीवर आला, अब्बाही आले. पहिल्याच प्रॅक्टिसला 'नागमोडी' घेतलं. तिसऱ्या कडव्याला आम्ही तिघे सवयीने स्लो झालो आणि अल्ताफ एकटाच पुढे निघून गेला. काठ्या वर धरून तो छताकडे बघायला लागला.

"व्होल्टेज गेली काय रे?"

आम्ही कॅसेटची कथा सांगितली. तो हसून हसून ड्रमवर आडवा झाला. पण मग सुट्टीभर त्याने आम्हाला पिळून काढलं. स्लो झालं की थांबवायचा. "मी हाय ना आता! सरळ वाजवा!" शेवटी आमची खोड मोडली. गाणं तासून सरळ झालं, एकदाही चुकेना.

कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा कार्यक्रम ठरला. आणि अल्ताफचं परतीचं तिकीट नेमकं त्याच रात्रीचं. दुपारी चारला महाडहून निघायलाच हवं होतं. शिरीष दासगावला जाऊन अब्बांसमोर उभा राहिला.

"एक गाणं," अब्बा म्हणाले. "गाडी स्टेजच्या मागं उभी राहील. गाणं संपला का तो बसेल."

तशी जीप आली. टपावर बॅगा दोरीने बांधलेल्या, चाचा स्टिअरिंगवर, शेजारी अब्बा, इंजिन चालूच. अल्ताफ इस्त्रीचा शर्ट आणि नवे बूट घालून ड्रमवर बसला. पासपोर्टची पिशवी गळ्यात होती, तो वाजवायला लागला की ती छातीवर उडायची. कॉलेजने जनरेटर आणला होता, त्यामुळे लाइटची काळजी नव्हती.

पहिलं कडवं गेलं. इतकं चांगलं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं, आणि मला ते अजिबात नको होतं. दुसरं गेलं. जीपचा हॉर्न वाजला. अल्ताफने मागे बघितलं नाही. पुन्हा हॉर्न. मी शिरीषकडे बघितलं, शिरीष सत्याकडे.

तिसरं कडवं आलं.

माझी बोटं जड झाली. सत्याचा सूर लांबला. शिरीषने एक ओळ गायली, श्वास घेतला, आणि पुढची ओळ घ्यायला फार वेळ लावला. अल्ताफ एकटा पुढे गेला, अडखळला आणि काठ्या वर धरून थांबला. स्टेजवरचे सगळे बल्ब लखलखत होते. त्याने एकेका बल्बकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"व्होल्टेज गेली काय रे?" त्याने अगदी हळू विचारलं. पण समोर माइक होता. ते सगळ्या मैदानाने ऐकलं.

अल्ताफने मान खाली घातली आणि आमच्याच चालीने काठी टेकवली. ठण... ठण... ढप...

आणि मागे, इतका वेळ घरघरणारं जीपचं इंजिन बंद झालं.