वेगळ्या ठेवलेल्या चपला

उपासना संपवून आम्ही जिना उतरलो, तर खाली चपलांचा ढीग नव्हता.

आधी वाटलं, कुत्र्यांनी ओढून नेल्या. मग कल्लव्वानं रस्त्याकडेच्या गटाराकडं बोट केलं. सगळ्या तिथं होत्या. काळ्या पाण्यात, एकावर एक. वर्कशॉपातून वाहत आलेलं तेल, हॉटेलातलं उष्टं, आणि त्यात आमच्या मंडळीच्या चपला.

फक्त माझ्या नव्हत्या.

माझ्या चपला जिन्याच्या कडेला होत्या. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. दोन्ही टाचा भिंतीला नीट लावलेल्या. कुणीतरी पुसूनही ठेवल्या होत्या.

नातवंडांनो, मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. तुमच्याशी फोनवर इंग्रजीतच बोलते. पण हे मराठीत लिहिते आहे, कारण हा अपमान मराठीत झाला. आईकडून वाचून घ्या. तिला मधली वाक्यं गाळू देऊ नका.

तर चपला. समोरच्या टपरीवर चारपाच माणसं चहा पीत होती. आमच्याकडं बघत नव्हती. इतक्या ठरवून बघत नव्हती की मला सगळं कळलं.

बिश्वजित माझ्या शेजारी उभा होता. तो ओडिशातून आलेला, फौंड्रीत साचे भरतो. मला माँ म्हणतो. हळूच म्हणाला, "माँ, हमारे गाँव में भी पहले यही हुआ था."

"आणि मग?" मी विचारलं.

"फिर गाँव ही नहीं रहा."

कल्लव्वा तोवर गटाराशी बसली होती. बाही वर करून एकेक चप्पल बाहेर काढत होती. ती महापालिकेत ठेक्यावर झाडकाम करते. माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, भाषा निम्मी कन्नड. म्हणाली, "सोडा ओ बाई. मी रोज गटारात हात घालते. आज निदान आपल्याच चपला हायत." सगळे हसले. मला हसता आलं नाही. तिनं वर बघितलं. "तुमी घाला की तुमच्या. हुबं का ऱ्हायलासा? ऊन लागतंय."

मी घातल्या. घरापर्यंत चालत गेले. गटारात टाकल्या असत्या तर राग आला असता. पुसून ठेवल्या, तर लाज वाटली. हा फरक मला त्या रस्त्यावर समजला.

आता मागचं सांगते.

आमचं जुनं चर्च तुम्ही पाहिलं आहे. दगडी, उंच, बाकांची रांग. तिथं बूट घालून बसतात. एकदा बाहेरून एक वक्ते आले. शहरातल्या प्रत्येक समाजात नवी मंडळी रोवा, म्हणजे उपासनेचा नवा गट सुरू करा, म्हणाले. पडद्यावर चित्रं दाखवली. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंचांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न आला, हे करणार कोण. सगळे माझ्याकडं बघू लागले. निवृत्त, विधवा, वेळच वेळ. मी हो म्हटलं.

उद्यमनगरात एका लेथ वर्कशॉपवर खोली मिळाली. भाडेकरार माझ्या नावानं. मालक मारुती मिस्त्री, तुकारामाचे अभंग म्हणणारा माणूस. "बाई, देवाचं नाव घ्या, पर मशीन चालू आसंल. मग आवाजाची तक्रार करायची न्हाई," एवढीच त्याची अट. खोली लहान, म्हणून सतरंजी. सतरंजी, म्हणून चपला खाली.

तीच आमची चूक झाली. चपलांवरून वर कोण बसलंय ते सगळ्या गल्लीला वाचता येत होतं. बिश्वजितचे वाळूनं भाजलेले बूट. कल्लव्वाच्या प्लास्टिकच्या. एका लिंगायत जोडप्याच्या करकरीत कोल्हापुरी. पेठ वडगावहून बसनं येणाऱ्या नर्सचे पांढरे सँडल. हे सगळे जोड एकमेकांवर पडलेले. एकाच पंथाच्या, एकाच जातीच्या चपला असत्या तर कुणाला काही वाटलं नसतं. प्रत्येकानं आपापल्या लोकांत बसावं, एवढंच या गावाचं म्हणणं असतं.

काही दिवस टपरीवरचा एक माणूस, मोटरसायकलवर रेलून, मला विचारायचा, "काय मॅडम, भजन जोरात हाय की वर! आमास्नी न्हाई बोलवत?"

"या की. दार उघडंच आहे," मी म्हणायची.

"येऊ की. सगळीच येऊ एकदा."

मग टपरीवरचे सगळे हसायचे. मीही हसायची. मला ती थट्टा वाटली होती.

चपलांच्या त्या रविवारनंतर पंचांनी मला बोलावलं. चर्चच्या कचेरीत. कपबशीत चहा, बशीत बिस्किटं. पाळकसाहेब होते. मधल्या खुर्चीत ज्येष्ठ पंच, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. चर्चच्या दगडांवर त्यांच्या घराण्याचं नाव आहे. मला वाटलं, धीर द्यायला बोलावलं असेल. पोलिसांकडं सोबत यायला कोण कोण तयार आहे, ते ठरवायला.

"बाई, काम चांगलं केलंत," दादासाहेब म्हणाले. "आता ती खोली बंद करू या."

"का?"

"वातावरण बघताय ना. मी त्या टपरीवरच्या लोकांशी बोललोय. खोली बंद झाली की आपल्या चर्चकडं कुणी वाकडं बघणार नाही. तसा शब्द दिलाय त्यांनी. तुम्हाला तर त्रास नाहीच. तुमच्या चपला बाजूला ठेवा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. बाईंचा मान राखा, म्हणालो."

ते थांबले. मी आभार मानावेत म्हणून थांबले होते.

"आणि बाकीच्यांच्या?" मी विचारलं.

"बाकीच्यांचं काय?"

त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. तेच भयंकर होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. खोलीवर येणाऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही. गुरुवारी मागच्या हॉलमध्ये त्यांची वेगळी उपासना ठेवू. मागच्या गेटानं यावं. रविवारी मुख्य उपासनेला नको. "आपल्या लोकांना अवघड होतं, बाई. खोटं कशाला बोला, वास येतो."

पाळकसाहेब चहाच्या कपात बघत होते.

मी म्हटलं, "दादासाहेब, त्यांचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झालाय."

तेव्हा त्यांचा आवाज बदलला. "बाप्तिस्मा तुमच्या आजोबांचाही झाला होता. त्यांना या कंपाउंडात जागा कुणी दिली? आमच्या आजोबांनी. निदान तुम्ही तरी पायरी विसरू नका."

मुलांनो, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या बाबांनाही मी अर्धंच सांगितलं. माझे आजोबा नेसरीकडून आले. गावात त्यांचं काम मेलेली जनावरं ओढण्याचं. ख्रिस्ती झाले, लिहायला शिकले, आणि मरेपर्यंत शेवटच्या बाकावर बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं. पुढचे बाक भरलेलेच असायचे, रिकामे असले तरी. माझे वडील मधल्या बाकावर आले. मी इंग्रजी शिकले, पेटी वाजवली, वचनं वाचली, पहिल्या बाकावर आले. मला वाटलं, आमच्यापुरतं ते संपलं.

संपलं नव्हतं. मला फक्त वर्तमानपत्र अंथरून दिलं होतं. माझ्या खाली जोवर इतर कुणी गटारात आहे तोवरच ते वर्तमानपत्र टिकणार होतं. आणि अंथरणारे हात टपरीवरचे असले तरी सांगणारं तोंड आमच्या प्रार्थनेतलं होतं.

मी चहा पुढं सरकवला. म्हटलं, "करार माझ्या नावावर आहे. खोली बंद होणार नाही."

"मग पुढं काही झालं तर चर्च जबाबदार नाही."

"ठीक."

"ते पुन्हा आले तर काय करणार तुम्ही? या वयात?"

"तुम्ही बोलता ना त्यांच्याशी? मग सांगा, या वेळी बाईंच्याही गटारात टाका."

कुणीतरी कप जोरात ठेवला. मी उठले. बाहेर पडले.

पुढच्या रविवारी मी सतरंजीवर बसून सगळं सांगितलं. कोण बोललं, काय बोललं. नाव घेऊन. कल्लव्वा म्हणाली, "म्हंजी आपल्यातलंच?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग भायेरच्याला काय बोलायचं."

लिंगायत जोडपं त्यानंतर आलं नाही. बाजारात दिसले तर मान खाली घालतात. त्यांना दोष देत नाही. त्यांची मुलगी लग्नाची आहे. मारुती मिस्त्री मात्र खाली थांबवून म्हणाला, "बाई, जागा दिली ती दिली. पर काच फुटली तर माज्याकडं मागू नका, आन् माजं नावबी कुटं घिऊ नका." बिश्वजितनं त्याच्या मुलखातल्या दोघांना रात्रपाळीला लावून घेतलंय, म्हणजे रविवारी सकाळी त्यांना खोलीच्या राखणीला येता येईल. हे त्यानं मला सांगितलं नाही. मला कळलं.

टपरीवरची माणसं आता थट्टा करत नाहीत. मी गेले की बोलणं थांबतं. परवा मोटरसायकलवाला जवळ आला, अगदी आदरानं. "मॅडम, या रविवारी तुमी घरीच ऱ्हावा. तब्येत जपा." हात जोडून गेला.

या रविवारी आमचं प्रभुभोजन आहे, येशूच्या आठवणीत एक भाकर मोडून सगळ्यांनी वाटून खायचा विधी. पंचांनी पाळकसाहेबांना आमच्या खोलीवर यायला मनाई केली आहे. पाळकाशिवाय भाकर मोडायची नाही, हा आमच्या चर्चचा नियम. मी जन्मभर नियम पाळले. वह्यांना समास, साडीला पिन, उपासनेला वेळेआधी. तुमचे बाबा रोज फोन करतात, तिकीट काढतो म्हणतात, निदान हा महिना तरी आमच्याकडं ये म्हणतात. त्यांना मी नाही म्हटलंय. कारण नीट सांगितलं नव्हतं, ते इथं लिहिलं.

कल्लव्वा जोंधळ्याची भाकरी करून आणणार आहे. तिच्या हातची. ती मी मोडणार आहे, माझ्या हातानं. पहिला तुकडा तिला, मग सगळ्यांना. दाराला कडी घालणार नाही. जिन्यावर पावलं वाजली तरी प्रार्थना अर्धी सोडणार नाही. जे येतील त्यांनी बसावं किंवा जे करायचं ते करावं. मी त्या सतरंजीवरून उठणार नाही. मला बाहेर काढायचं असेल तर उचलून न्यावं लागेल.