वाचक क्रमांक सतरा

मनकर्णाबाईंची ओळख मला आधी त्यांच्या अक्षरावरून झाली. माणूस पुष्कळ नंतर भेटला.

लेखकाच्या पहिल्याच पुस्तकाला दिला जाणारा एक राष्ट्रीय पुरस्कार आहे. सगळ्या भाषांना दरवर्षी एकेक. त्याला पन्नास वर्षं होत आली, म्हणून संस्थेने त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे दिलं. दिल्लीच्या कार्यालयात समारंभांचे फोटो, भाषणं, विजेत्यांच्या याद्या, सगळं नीट लावून ठेवलेलं होतं. पण आलेली पुस्तकं परीक्षकांकडे जाण्याआधी कुणीतरी ती सगळी वाचून निवडावी लागतात. ही पहिल्या फेरीची माणसं कोण, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नियमच तसा होता. वाचकाने आपण वाचक आहोत हे कुणाला सांगायचं नाही, अगदी घरातही नाही. अभिप्रायाखाली फक्त क्रमांक.

मराठीच्या फायलींमध्ये क्रमांक सतरा वारंवार भेटू लागला. जाडसर, पिवळट कागदावर गोल अक्षरात लिहिलेलं पानभर. पुस्तक आवडलं नाही तरी त्यातली एखादी चांगली जागा शोधून सांगितलेली. एका कवीबद्दल लिहिलं होतं, 'ह्या मुलाला आवरायला कुणीतरी हवं, पण थांबवायला नको.' मी हिशेब लावला. सव्वीस वर्षांत सतरा क्रमांकाने पुढे पाठवलेल्या पुस्तकांपैकी अकरांना पुरस्कार मिळाला होता.

जुन्या टपालवहीत पत्ता सापडला. बुऱ्हाणपूरजवळच्या कागद गिरणीच्या कॉलनीतलं कामगार वाचनालय. तिथे पाठवलेलं पत्र फिरत फिरत बुऱ्हाणपूर शहरातल्या राजपुऱ्यात पोचलं आणि पंधरा दिवसांनी फोन आला.

"सर, मी रंजिता चौधरी बोलते. तुमचं लेटर आईसाठी होतं. तिला आता दिसत नाही, काचबिंदू आहे, म्हणून मीच वाचलं. मला तर पताच नव्हतं! सव्वीस साल कॉलनीत बसून ही बाई दिल्लीचं काम करत होती!" ती हसत होती. "तुम्ही या ना. आईला फार आनंद होईल."

मी डिसेंबरात गेलो. मनकर्णाबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या. अंगाने बारीक, आवाज मात्र ठणठणीत. लग्न होऊन यावलहून गिरणीच्या कॉलनीत आल्या. नवरा निंबा चौधरी यंत्रावर कामाला होता. कॉलनीच्या वाचनालयात कुणी बसायला तयार नव्हतं, तेव्हा मॅट्रिक झालेली बाई म्हणून यांना बसवलं. संस्थेने लहान गावांतल्या वाचनालयांना वाचक हवेत म्हणून पत्रक पाठवलं होतं. त्याला यांनी एका कार्डावर उत्तर दिलं होतं, 'मला वेळ आहे आणि मी खरं सांगते.' पुस्तकांचे गठ्ठे वाचनालयात येत, तिथेच वाचून होत, तिथूनच परत जात. घरी पत्ता लागायचं कारणच नव्हतं.

रंजिता पन्नाशीची, एका खाजगी शाळेत हिंदी शिकवणारी. लग्न केलेलं नव्हतं. वडील वारले तेव्हापासून आई तिच्याकडेच होती. तिने माझ्यापुढे मावाजिलेबी ठेवली आणि म्हणाली, "आईचं लिहिलेलं काही आणलंय का?"

मी सगळ्या अभिप्रायांच्या छायाप्रती आणल्या होत्या. फाइल तिच्या हातात दिली. हे मी का केलं, आधी एकदा चाळून का पाहिलं नाही, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. विजेत्या पुस्तकांचे अभिप्राय मी बारकाईने वाचले होते. नाकारलेल्यांचे नुसते मोजले होते.

रंजिता मोठ्याने वाचू लागली. मनकर्णाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच म्हणत, "हां, तो पोरगा. त्याचं पुढं काय झालं हो भाऊ?" एक्क्याऐंशी साल, ब्याऐंशी, असं करत सत्त्याण्णव संपलं. तशा त्या एकदम म्हणाल्या, "बस कर आता. पावन्याले जेवायला वाढ."

"थांब ना मम्मी, मजा येतेय," म्हणत रंजिताने पान उलटलं आणि पुढचं तिने मनातच वाचलं.

तो अभिप्राय तीनच ओळींचा होता. 'तिसरी पाळी. कादंबरी. लेखिका रंजिता चौधरी. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या आहेत. भाषा कच्ची. पुढच्या फेरीसाठी शिफारस नाही. वाचक क्र. १७.'

शेजारच्या घरातले पॉवरलूम चालू होते.

"मले सांगायचं व्हतं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कधी?" रंजिताचा आवाज चढला नाही. "पंचवीस साल झाले."

"मले तुह्यं पुस्तक वाचायचा हक नव्हता. आपल्या मानसाचं आलं तर परत धाडा, असं नियमात व्हतं. मी धाडलं नाही. तीनदा वाचलं."

"आणि कच्चं वाटलं?"

"नाही वं माय." त्यांनी हाताने चाचपत मुलीचा गुडघा शोधला. "चांगलं व्हतं. म्हणून तर भेव वाटलं. वाईट असतं तर जाऊ दिलं असतं, कोणी वाचलंच नसतं. त्यातला तो मानूस पाळीवरून येऊन बाईचा हात दारात चेपतो. ती बाई सकाळी शेजारणीले सांगते, नळावर घसरली. कॉलनीत दोनशे घरं. तुहे पप्पा जिते व्हते. इनाम भेटलं असतं तर घराघरात वाचलं असतं. मंग मी त्या वाचनालयात कोन्या तोंडानं बसली असती?"

मी उठायला हवं होतं, पण उठता येईना.

"मी दोन वर्षं रोज पोस्टमनची वाट बघायची," रंजिता म्हणाली. "मला वाटलं, पुस्तक पोचलंच नाही. मग वाटलं, पोचलं आणि कुणाला आवडलं नाही. दुसरं लिहायला घेतलेलं ते तिथंच सोडलं. तू मला विचारलं होतंस, 'लिहीत का नाहीस गं आता?' याद आहे तुला?"

"याद आहे."

"तू विचारलंस, मम्मी. तू."

मनकर्णाबाई रडल्या नाहीत. त्यांचा हात मुलीच्या गुडघ्यावर तसाच होता. रंजिताने तो बाजूला केला नाही आणि धरलाही नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि तिने आम्हा दोघांना जेवायला वाढलं. स्वतः जेवली नाही. मी निघालो तेव्हा तिने फाइल ठेवून घेतली.

परत आल्यावर मी 'तिसरी पाळी' मिळवून वाचली. जळगावच्या एका प्रकाशकाने काढलेली, दीडशे पानांची. भाषा कच्ची नव्हती. बुऱ्हाणपुरी बायका जशा बोलतात, निम्मं हिंदी, निम्मं खानदेशी, तशीच्या तशी कागदावर उतरलेली. त्या वर्षी पुरस्कार मिळालेलं पुस्तकही मी पुन्हा वाचलं. तुलना करणं माझं काम नाही. पण हे पुस्तक परीक्षकांच्या टेबलावर असायला हवं होतं, एवढं नक्की.

मार्चमध्ये रंजिताचा फोन आला. मनकर्णाबाई गेल्या होत्या. चार दिवसांचा ताप, मग न्यूमोनिया.

"तुम्ही गेल्यावर आम्ही खूप भांडलो सर," ती म्हणाली. "जिंदगीत पहिल्यांदा. दारात चेपलेल्या हातावरसुद्धा बोललो. माझ्यासमोर पप्पांचं नाव घेऊन ती कधी बोललीच नव्हती." मग म्हणाली, "फेब्रुवारीत एकदा म्हणाली, ते पुस्तक मला वाचून दाखव. आता मोठ्यानं ऐकू दे, कोणी ऐकलं तरी चालेल. मी म्हटलं, बोर्डाचे पेपर तपासायचेत, नंतर. पेपर होते, खोटं नाही. पण मनात होतं, थोडी वाट बघ तूसुद्धा. जशी मी बघितली."



इतिहासात वाचकांची नावं छापावीत म्हणून मी समितीपुढे दोनदा बोललो. गुप्ततेचा नियम पुढे करून त्यांनी नकार दिला. म्हणून साडेचारशे पानांत मनकर्णा चौधरी हे नाव कुठे नाही. वाचकांवरच्या प्रकरणात क्रमांक सतराचे सहा अभिप्राय आहेत. तीन ओळींचा तो त्यात नाही. रंजिताला विचारलं होतं. ती म्हणाली, "तो राहू द्या सर. लोक तिला त्या तीन ओळींनी ओळखतील." 'तिसरी पाळी' परिशिष्टात आहे, अठ्ठ्याण्णव साली आलेल्या पुस्तकांच्या यादीत, त्रेचाळिसाव्या ओळीवर.

छापून आल्यावर एक प्रत राजपुऱ्याला पाठवली. पोच म्हणून रंजिताचा मेसेज आला, 'मिळालं. आईचं लिहिलेलं सगळं शाळेतून आल्यावर वाचते, मोठ्याने.'