मोरपंखीचं हिरवेपण

फाटकाजवळच्या मोरपंखीला मी पाणी घालत होते. माळीकाका म्हणाले, "ताई, हे झाड कधीच गेलंय."

"अहो, हिरवंगार तर आहे!"

त्यांनी नखानं खोडाची साल खरवडली. आत सगळं तपकिरी, कोरडं. "ह्याचं असंच असतं. मेलं तरी कितीतरी दिवस हिरवं दिसतं."

गुलाबानं मान टाकली की सगळं घर धावतं. सदाहरित झाडाला कोण निरखून बघतं? सासूबाईंना अंथरुणाला खिळून तीन वर्षं झाली; आल्यागेल्याला मी हसूनच चहा देते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू मात्र कायम टवटवीत हं!"

माळीकाकांचं नख अजून खोडाच्या सालीवरच होतं. मी हसले, आणि पदर मनगटावर ओढून घेतला.